जज खरी, इंजिन परक्या गाडीचं

जाहिरातीत तीन दावे होते. गाडी १९६९ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ‘जज’, इंजिन रॅम एअर ४ (त्या गाडीतलं सर्वांत दुर्मिळ इंजिन), आणि सगळे क्रमांक जुळणारे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स याच गाडीबरोबर जन्मलेले. फोटोत गाडी नारिंगी होती, अंगावर पट्टे, मागे डिकीवर रुंद पंख. ती ओहायोत टोलिडोजवळ एका शेतावरच्या शेडमध्ये होती आणि मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो, म्हणजे अंतराचा प्रश्न नव्हता. पण या तीन दाव्यांतला प्रत्येक दावा हजारो डॉलरांचा असतो. त्यामुळे किमतीचा विषय काढण्याआधी एकेक दावा सुटा करून तपासायचा, असं मी ठरवलं.

ज्यांना या गाड्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी १९६४ च्या टेम्पेस्ट लेमान्समध्ये ३८९ घनइंचांचं इंजिन ‘ग्राहकाने मागितलेलं जादा पॅकेज’ म्हणून घातलं आणि त्या पॅकेजला जीटीओ नाव दिलं. मध्यम गाडी, मोठं इंजिन, तरुण पोराला परवडेल अशी किंमत. मसल कार म्हणतात ती हीच. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं. मग प्लिमथची स्वस्त रोड रनर बाजार खाऊ लागली, तिला उत्तर म्हणून डिसेंबर १९६८ मध्ये ‘जज’ आली. हेही जीटीओवरचं पॅकेजच, साधारण ३३२ डॉलरचं. त्यात ४०० घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं रॅम एअर ३ इंजिन यायचं, ३६६ हॉर्सपॉवरचं. आणखी पैसे मोजले तर रॅम एअर ४ मिळायचं. कागदावर त्याची ताकद जेमतेम ३७० होती, पण इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, वेगळं, श्वास वेगळा आणि संख्या अगदी थोडी.

१९६९ मध्ये ७२,२८७ जीटीओ बनल्या. त्यांतल्या जज ६,८३३. म्हणजे पासष्ट हजारांवर साध्या जीटीओ अशा होत्या की ज्यांना नंतर कुणीही स्टिकर, पंख आणि नारिंगी रंग चढवून जज करू शकलं असतं. पुष्कळांनी केलंही. स्टिकरपासून पंखापर्यंत सगळे भाग आज नवे कोरे मिळतात. उघडपणे ‘नक्कल’ म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही, मला अशा गाड्याही आवडतात. गैर तेव्हा होतं जेव्हा नक्कल अस्सल म्हणून पुढच्याच्या गळ्यात मारली जाते.

मग व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक, पाहून कळत नाही का? इथेच मेख आहे. जुने गाडीक्रमांक आजच्यासारखे सतरा अंकी नाहीत, ते प्रमाण १९८१ च्या मॉडेलांपासून आलं. त्यामुळे संगणकावर क्रमांक टाकून इतिहास काढून देणाऱ्या सेवा इथे उपयोगाच्या नाहीत. या गाडीचा क्रमांक २४२३७९पी असा सुरू होत होता. पहिला २ म्हणजे पॉन्टिअ‍ॅक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९ आणि पी म्हणजे मिशिगनमधल्याच पॉन्टिअ‍ॅक शहरातला कारखाना. पुढे सहा आकड्यांचा अनुक्रम. जीटीओ आहे हे यातून पक्कं कळतं. जज आहे की नाही, याबद्दल हा क्रमांक अवाक्षर काढत नाही.

पॉन्टिअ‍ॅकवाल्यांचं नशीब एवढंच की कंपनीच्या बिलांच्या नोंदी मायक्रोफिल्मवर टिकल्या. पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही जिम मॅटिसन यांनी उभी केलेली संस्था १९६१ ते १९८६ पर्यंतच्या पॉन्टिअ‍ॅक गाड्यांच्या या नोंदींच्या प्रती देते. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी असाच कागद, मार्टी रिपोर्ट, मिळतो. शेव्हर्लेवाल्यांची मला खरंच कणव येते. १९७० ची ४५० हॉर्सपॉवरची शेव्हेल घ्या: ती गाडी तशी जन्मली की नंतर घडवली, हे सांगणारी कारखान्याची नोंद अमेरिकेत विकलेल्या गाडीसाठी मागवताच येत नाही. कॅनडात विकली गेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडाकडून कागद मिळतो, नाहीतर सीटखाली उरलेल्या चिठोऱ्यावर भिस्त. पॉन्टिअ‍ॅक हा ब्रँड २०१० मध्ये बंद पडला, पण त्याच्या जुन्या गाड्यांचे जन्मदाखले आजही घरबसल्या मागवता येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विकणाऱ्याकडे या कागदाची झेरॉक्स होती. गाडी त्याच्या दिवंगत काकांची, त्याला स्वतःला फारसं काही ठाऊक नव्हतं, आणि तो माझ्याशी सरळ वागला हे आधीच सांगतो. पण मी त्या झेरॉक्सवर विसंबलो नाही. गाडीचा क्रमांक देऊन संस्थेकडून माझी स्वतंत्र प्रत मागवली. विकणाऱ्याच्या हातून आलेला कागद आणि तिसऱ्याने थेट पाठवलेला कागद यांचं वजन वेगळं असतं. झेरॉक्सवर एखादी ओळ चिकटवायला किती वेळ लागतो?

माझी प्रत आली आणि झेरॉक्सशी ओळीला ओळ जुळली. एप्रिल १९६९ चं बिल, टोलिडोतला डीलर, चार गिअरचा वाइड रेशो गिअरबॉक्स, रेडिओ, आणि हो, जजचं पॅकेज, ज्याला पॉन्टिअ‍ॅकच्या लोकांत डब्ल्यूटी१ म्हणतात. पहिला दावा खरा ठरला. ती ओळ वाचताना मला खूप आनंद झाला.

मात्र त्याच कागदाने दुसऱ्या दाव्याला सुरुंग लावला. जजमध्ये रॅम एअर ३ पॅकेजमध्येच येतं, त्यामुळे त्याची वेगळी रक्कम लागत नाही. रॅम एअर ४ घेतलं असतं तर ते जादा म्हणून वेगळं लावलं गेलं असतं. तशी रक्कम बिलात नव्हती. आणि आणखी एक गोष्ट अशी की बिलावर रंगाचा आकडा ७३ होता. ७३ म्हणजे व्हर्डोरो ग्रीन, गडद, थोडी सोनेरी झाक असलेला हिरवा. नारिंगी असती तर आकडा ७२ असता, कॅरोसेल रेडचा. नावात रेड असलं तरी तो रंग नारिंगीच.

आता कागद बाजूला ठेवून लोखंडाकडे जायचं होतं. बिल खरं असलं तरी ते याच गाडीचं आहे कशावरून? अस्सल गाडी अपघातात गेली, तिची क्रमांकपट्टी आणि कागद तेवढे उरले आणि ते दुसऱ्या जीटीओवर चढले, हेही या धंद्यात घडतं. व्हीआयएन पट्टी काढणं किंवा बदलणं हा इथल्या केंद्रीय कायद्याने पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, तरी घडतं. म्हणून सुरुवात समोरच्या काचेतून दिसणाऱ्या डॅशबोर्डवरच्या पट्टीपासून केली. जनरल मोटर्सने त्या काळी ही पट्टी फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याच्या रिव्हेटनी बसवली होती. रिव्हेट जागेवर होते, आजूबाजूला ओरखडा नव्हता, जुना रंग आणि धूळ अखंड होती. मालकीच्या कागदावरचा क्रमांक आकड्याला आकडा जुळला. मग फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची, ‘बॉडी बाय फिशर’ची पट्टी पाहिली. तिच्यावर ०४सी, म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा, आणि रंग ७३. गाडी उचलून फ्रेमच्या वरच्या अंगावरचा ठोकलेला क्रमांक शोधला. गंज आणि वंगणाचा थर पितळी ब्रशने हळूहळू काढावा लागला. अंधार करून टॉर्च तिरका धरला की खड्ड्यातले आकडे सावलीने उठून दिसतात. शेवटचे सहाही आकडे जुळले. म्हणजे कागद, डॅशबोर्ड, फायरवॉल आणि फ्रेम, चौघं एका आवाजात बोलत होते.

रंगासाठी मी उघड्या भागांकडे पाहिलंच नाही. दारांच्या कडा, डिकीचं झाकण, बॉनेट हे सगळं नवा रंग देणारा आधी झाकतो. ग्लोव्ह बॉक्स काढून त्याच्या मागे, मागच्या सीटखाली, डिकीच्या रबराच्या पट्टीखाली बघितलं. तिन्ही ठिकाणी हिरवा. सीटच्या स्प्रिंगांत कधीकधी कारखान्यातलं बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, अडकलेलं सापडतं, पण इथे उंदरांनी त्याच्या चिंध्या केल्या होत्या आणि वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. पेट्रोलच्या टाकीवरही काही नाही.

त्या रात्री मी कोल्हापूरला आबांना फोन लावला. माझ्या वडिलांचं उभं आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेलं. बिडाचे पंप, डिझेल इंजिनांचे ब्लॉक, साच्यातली वाळू, भट्टीचा ताव हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. आबांना जज म्हणजे काय ते माहीत नाही, पण बीड माहीत आहे. मी म्हटलं, “आबा, उद्या इंजिनावरचे आकडे बघणार आहे.” त्यांनी लगेच विचारलं, “आकडा ओतलेला हाय का ठोकलेला? आधी ते बघ. ठोकलेलं कोण बी घासून परत ठोकंल. ओतलेलं कसं बदलतोय?”

सगळ्या तपासणीची गुरुकिल्ली या वाक्यात आहे. स्टिकर सर्वांत स्वस्त पुरावा. त्याच्यावर रंग, मग रिव्हेटने बसवलेली पट्टी, मग पंचाने ठोकलेले आकडे. आणि सर्वांत वर साच्यातून धातूबरोबरच बाहेर आलेले, अंगातून उठलेले आकडे. जितकं खोटं करणं अवघड, तितकी साक्ष मोठी. गाडीच्या बाजारात मात्र बोलणं उलट्या क्रमाने सुरू होतं, आधी स्टिकर दाखवतात.

बॉनेटवरच्या हवेच्या तोंडांवर ‘रॅम एअर ४’ असं ऐटीत लिहिलेलं होतं. बॉनेट उघडल्यावर ते पहिल्या नजरेतच खोटं पडलं. रॅम एअर ४ चा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि उष्णता नेणारा बिडाचा तुकडा वेगळा असतो. इथे सगळा मॅनिफोल्ड बिडाचा. रॅम एअर ४ च्या हेडवर ७२२ हा आकडा ओतलेला असतो आणि एक्झॉस्टची तोंडं गोल असतात. इथे ७२२ नव्हता आणि तोंडं इंग्रजी डी अक्षरासारखी होती.

ते तर बिलावरून कळलंच होतं. माझा खरा प्रश्न होता की निदान रॅम एअर ३ चा मूळ ब्लॉक तरी गाडीत आहे का. १९६९ च्या चार गिअरच्या रॅम एअर ३ इंजिनाचं सांकेतिक अक्षर डब्ल्यूएस. ते ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, उजव्या हेडच्या खाली ठोकलेलं असतं. तिथे रंगाचे थर चढलेले होते. ब्रेक क्लीनर मारून पुसलं तेव्हा अक्षरं दिसली: वायएस. हे ३५० हॉर्सपॉवरच्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या साध्या जीटीओचं इंजिन. टायमिंग कव्हरजवळ गाडीक्रमांकाचं छोटं रूप ठोकलेलं असतं, ते वाचून काढलं. त्याची सुरुवात २९बी: पॉन्टिअ‍ॅक, १९६९ आणि कारखाना. बी म्हणजे बॉल्टिमोरचा कारखाना. आपली गाडी पॉन्टिअ‍ॅकची, ब्लॉक बॉल्टिमोरच्या गाडीतला.

तरीही मी ओतलेली तारीख पाहिल्याशिवाय थांबलो नाही. ती ब्लॉकच्या मागे, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असते. आरसा आणि टॉर्च घेऊन, आकडे उलटे वाचत: एफ११९. पॉन्टिअ‍ॅकच्या फौंड्रीत ए म्हणजे जानेवारी, म्हणून एफ म्हणजे जून. ११ जून १९६९. गाडी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली. ज्या ब्लॉकचं बीड अजून वितळलेलंही नव्हतं तो त्या गाडीत बसणार कसा? उद्या कुणी ते वायएस घासून डब्ल्यूएस ठोकलं आणि क्रमांकही जुळवला, तरी मागची ही तारीख बोलत राहणार.

चांगली बातमी गाडीच्या पोटाखाली होती. मन्सी गिअरबॉक्सवर पी९डी०७ए असा शिक्का होता. पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, डी म्हणजे एप्रिल, ०७ तारीख, आणि शेवटचा ए म्हणजे एम२०, वाइड रेशो. सोमवार, ७ एप्रिल १९६९. त्याच्या शेजारी गाडीचाच अनुक्रम. बिलात लिहिलेला तोच गिअरबॉक्स पन्नासहून अधिक वर्षं आपल्या गाडीत टिकला होता. रॉचेस्टर कार्ब्युरेटरवरची तारीख ०७७९ निघाली, म्हणजे १९६९ मधला सत्याहत्तरावा दिवस, १८ मार्च. तोही बहुधा मूळचाच, निदान काळाने बरोबर बसणारा. इंजिन बदलणाऱ्याने जुनं कार्ब्युरेटर जपून नव्या इंजिनावर चढवलं असावं, असा माझा अंदाज होता.

तो अंदाज पडताळायला माणूस हवा होता. आधीच्या मालकांची नावं सरकारी दप्तरातून मिळत नाहीत. १९९४ च्या वाहनचालक गोपनीयता कायद्याने ती वाट बंद केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण काकांच्या फायलीत रंगकाम करणाऱ्याची ऐंशीच्या दशकातली एक पावती होती, तिच्यावर तेव्हाच्या मालकाचं नाव. विकणाऱ्याच्या आईला ते कुटुंब ठाऊक होतं. तिनेच आधी फोन करून त्यांची परवानगी घेतली आणि मग मी बोललो.

ते गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत, आवाज खणखणीत. त्यांनी काहीही लपवलं नाही. तेलटंचाईच्या दिवसांत, १९७४ मध्ये, असल्या पेट्रोलखाऊ गाड्या कुणी घेत नव्हतं तेव्हा त्यांनी ही हिरवी जज मातीमोलाने घेतली. शर्यतीच्या पट्ट्यावर एका रात्री कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. भंगारात एक अपघातग्रस्त जीटीओ मिळाली, तिचं इंजिन काढून यात घातलं, कार्ब्युरेटर मात्र आपलंच ठेवलं. “तेव्हा ती एक जुनी गाडी होती, मला सोमवारी कामावर जायचं होतं,” ते म्हणाले. नारिंगी रंगही त्यांनीच दिला, कारण मित्र म्हणायचे की जज नारिंगीच हवी. रॅम एअर ४ चं स्टिकर त्यांच्या वेळी नव्हतं. फुटलेला ब्लॉक त्यांनी टोलिडोतल्या एका मशीन शॉपमध्ये टाकला. ते दुकान आता नाही.

मी त्यांना विचारलं, हे सगळं लिहून, सही करून द्याल का? त्यांनी दोन पानी पत्र पाठवलं, सुंदर वळणदार अक्षरात. माझ्या फायलीत पॉन्टिअ‍ॅकच्या बिलानंतर त्या पत्राचा नंबर लागतो.

मग मी विकणाऱ्यासमोर सगळे फोटो आणि कागद मांडले. त्याला वाईट वाटलं, पण वाद घातला नाही. काकांनी जे सांगितलं तेच त्याने जाहिरातीत लिहिलं होतं. आम्ही किंमत नव्याने ठरवली: खरी जज, मूळ गिअरबॉक्स, इंजिन मूळचं नाही, रंग बदललेला. विक्रीच्या करारात हे चारही मुद्दे मी शब्दशः लिहून घेतले आणि दोघांनी सही केली.

याच काळात इंजिनाचं काम करणाऱ्या एकाने मला सुचवलं की त्या काळातला डब्ल्यूएस ब्लॉक शोधू, जुना क्रमांक घासू आणि तुझ्या गाडीचा ठोकू, कुणाला पत्ता लागणार नाही. तो हे अगदी सहज म्हणाला, जणू टायर बदलायचे आहेत. मी नकार दिला, आणि का दिला ते इथे स्पष्ट लिहितो. घासलेल्या ब्लॉकवरचा क्रमांक दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा असतो. माझी गाडी खोटी पूर्ण करण्यासाठी मी तिची खरी पूर्णता कायमची पुसून टाकणार. कुणीतरी कुठेतरी तो ब्लॉक शोधत असेल, जसा मी माझा शोधतोय. आणि उद्या ही गाडी माझ्याकडून दुसऱ्याकडे जाईल तेव्हा त्यालाही आरसा आणि टॉर्च घेऊन वाकावं लागेल. त्याला तिथे खरं तेच दिसलं पाहिजे.

बॉल्टिमोरच्या ब्लॉकबद्दलही माझी भूमिका तीच आहे. तो उत्तम चालतो, त्याचे आकडे मी हात न लावता ठेवले आहेत, आणि त्याचा पूर्ण क्रमांक जीटीओवाल्यांच्या मंडळींना कळवला आहे. त्याची गाडी भंगारात गेली असं त्या गृहस्थांनी सांगितलं, तरी क्रमांकपट्टीसकट ती कुणी वाचवली असेल तर त्यांना कळायला हवं. माझ्या फुटलेल्या ब्लॉकची आशा थोडीच आहे. बाजूला भोक पडलेलं बीड बहुतेक वेळा परत भट्टीत जातं. तरी जुन्या मशीन शॉपांची सामानविक्री टोलिडोच्या आसपास निघाली की मी जातो, कोपऱ्यातले पॉन्टिअ‍ॅक ब्लॉक पुसून २९पी शोधतो.

रॅम एअर ४ ची स्टिकरं गाडी घरी आल्यावर पहिल्याच दिवशी उतरवली आणि जागी नुसतं ‘रॅम एअर’ लावलं, १९६९ मध्ये या इंजिनाच्या जजवर होतं तसं. येत्या हिवाळ्यात नारिंगी रंग खरवडायला घेतोय. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा तळहाताएवढा मूळ हिरवा भाग मी झाकून ठेवणार आहे, त्यावर नवा थर चढू देणार नाही. रंग जुळवण्यासाठी आणि पुढच्या तपासणाऱ्यासाठी तो तसाच राहील.